बिनदाराच्या घरातला पहिला खेळ

गोरख,

सोनईच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तुझ्या चुलतभावाच्या लग्नातला आहे. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, आणि फोटो काढून घेताना तुझं व्हायचं तसं तोंड, नवी चप्पल चावत असल्यासारखं. शेजारचा माणूस कापून टाकलाय, पण त्याचा हात तुझ्या खांद्यावर तसाच राहिलाय. खाली मोठ्या अक्षरांत 'दानशूर व्यक्तिमत्त्व' असं लिहिलंय. तू असतास तर आधी भर चौकात पोट धरून हसला असतास आणि मग दोऱ्या कापून तो खाली उतरवला असतास.

शोकसभेत मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी जागेवरून उठले नाही. त्या मंडपात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा बोलल्या जात होत्या. माइकवर बोलणारे म्हणत होते, देवमाणूस होता. माइकपासून लांब उभं राहून चहा पिणारे म्हणत होते, सिनेमाच्या नादानं गेला. पहिलं खोटं आहे हे मी शपथेवर सांगते. तुझ्याइतका हेकट, चेष्टेखोर आणि फोन न उचलणारा माणूस देव असेल तर सगळ्याच देवांचं अवघड आहे. दुसरंही खोटं. तुझे वडील असेच बसल्याजागी गेले, तेव्हा तू चौथीत होतास. चाळिशी त्यांनीही पाहिली नाही, आणि त्यांनी जन्मात एकही सिनेमा काढला नव्हता. तुमच्या घरातल्या पुरुषांची काळजंच तशी. हे मी मंडपात ओरडून सांगायला हवं होतं. तिथं तोंड उघडलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

रडगाणं गायला बसलेली नाही मी. रडून झालंय, आणि परत रडू आलं तर रडेन, त्याला तुझी परवानगी लागत नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. ते पुरं करायला बसलेय.

आपण सोनईच्या शाळेत एका वर्गात होतो. मी मास्तरांची मुलगी, तू शिंगणापूरहून सायकलवर येणारा. पहिल्यांदा आमच्या घरी आलास तो थेट स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलास, आणि माझ्या आईच्या हातातली कढई सुटली. तुमच्या गावात घरांना दारंच नाहीत, तेव्हा दुसऱ्याच्या घरी जाताना दार वाजवायचं असतं हे तुला शिकवणार कोण? पुढे तू सोनईत शटर बनवायचं वर्कशॉप टाकलंस, तेव्हा मी तुला किती छळलं त्यावरून. बिनदाराच्या गावचा पोरगा जगाला दारं विकतो! तू म्हणायचास, "मंग? गावात एक बी गिऱ्हाईक न्हाई म्हनून तर सोनईत आलो." दार वाजवायची सवय तुला शेवटपर्यंत लागली नाही. माझ्या एडिटिंगच्या खोलीतसुद्धा भेळीचा पुडा घेऊन तसाच घुसायचास आणि माझ्या पाठीमागून म्हणायचास, "ह्ये लई लांबलंय."

आपलं नातं काय, असं लोकांनी मला तोंडावर विचारलंय. तुला मागून विचारलं असेल. तू लग्न केलं नाहीस, मी केलं, आणि माझा नवरा तुझ्याशी माझ्यापेक्षा जास्त गप्पा मारायचा. ज्यांना उत्तर हवंय त्यांना सांगते, आमचं नातं भांडणाचं होतं. ते शाळेपासून होतं आणि चांगलं भक्कम होतं.

माझा पहिला सिनेमा कसा झाला हे त्या माइकवाल्यांना कुणालाच माहीत नाही. पुण्यात वर्षभर उंबरे झिजवून मी परत आले होते. वडिलांच्या घराची पुढची खोली दुकानासाठी भाड्यानं द्यायची होती, तिला शटर हवं होतं, म्हणून तुझ्याकडे आले. तू टेप घेऊन उंची मोजत होतास आणि मोजता मोजता विचारलंस, "तोंड का पाडलंय?" मी सांगितलं. पाथर्डीकडच्या, ऊस तोडायला जाणाऱ्या बायांवर सिनेमा काढायचाय आणि कुणालाच त्यात रस नाही. तू टेप गुंडाळलीस.

"बाया कोन? नट्या का खऱ्या?"

"खऱ्या."

"मंग काढ की. थांबलीस कशाला?"

बस्स. माझ्या पिशवीत चाळीस पानांचा प्रस्ताव होता, तो बाहेर काढायची वेळच आली नाही. पैसे कुठून आणशील असं मी विचारलं, तर म्हणालास, ते तुझं काम नव्हं. तुझी अट एकच होती. "ज्यांची तोंडं पडद्यावर, त्यांनी आदी बगायचं. बाकीच्यांनी मागनं." मी हो म्हटलं, आणि सिनेमा पुरा होईतो विसरूनही गेले.

माझी घोडचूक तिथली. सिनेमा तयार झाला, दोन मोठ्या शहरांत दाखवला गेला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मी हवेत गेले. मग सावकाश गावातला खेळ ठरवला, तो पौषात. पौषात, गोरख! ऊसतोडीवर सिनेमा काढणाऱ्या बाईला एवढं कळू नये, की दिवाळी उरकली की टोळ्या गाव सोडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात? आपण पडदा घेऊन गेलो तर गल्लीभर कुलपं. दोन-चार म्हातारी माणसं आणि शेळ्या. जिच्या तोंडावर सगळा सिनेमा उभा होता ती कडूबाई कुठल्यातरी लांबच्या कारखान्यावर ऊस तोडत होती. मला वाटलं तू आता मला फाडून खाशील. पण तू त्या कुलपांकडे बघत राहिलास. शटर विकून पोट भरणारा माणूस, पण कुलूप लावलेलं घर तुला बघवायचं नाही. "चल," म्हणालास, "हुडकू."

चार दिवसांनी कडूबाई सापडली. भर दुपारी, कारखान्याच्या आवारात, ऊस भरलेल्या बैलगाड्यांच्या रांगेत. वजनाला नंबर लागेपर्यंत त्या गाड्या तासन् तास तिथंच उभ्या असतात. तू तुझा बंद टेम्पो, मागं शटर असलेला, रांगेला लागून लावलास. आत चादर ताणून बांधलीस, बॅटरीवर प्रोजेक्टर लावला, बारा बायांना आत घेतलं आणि शटर खाली ओढलंस. आत काळोख आणि नुसती भट्टी. अंगाला उसाचा चिकटा, घामाचा वास, कुणाच्या मांडीवर कुणाचं पोर. पहिलीच पाटी आली आणि तू ओरडलास, "थांबव!" पाटीवर तुझं एकट्याचं नाव होतं, निर्माता म्हणून.

"बायांची नावं कुठंयत?"

"शेवटी आहेत."

"बारीक अक्षरांत. आन् माझं ह्ये येवढं! काढून टाक, न्हाईतर मी हितनं उतरून चालत जातो सोनईला."

बायांसमोर माझी शोभा केलीस. मी तुला तेव्हा माफ केलं नव्हतं. पण काढते म्हटलं, आणि परतल्यावर नाव काढलं.

मग सिनेमा सुरू झाला. कडूबाईनं स्वतःला बघितलं आणि पदर तोंडावर घेतला. "आगं बया, मी अशी फेंगडी चालती व्हय?" बायांनी टेम्पो हलवून सोडला हसून. आणि निम्मा सिनेमा झाला असेल नसेल, बाहेरून हाका सुरू झाल्या, नंबर आला, गाड्या हाका! तू शटर वर केलंस. उजेडानं सगळ्यांचे डोळे मिटले आणि बाया उड्या टाकून पळाल्या. कडूबाई तेवढी एकदा मागं वळली. "भाऊ, फुडं काय हुतं?"

तू म्हणालास, "फुडच्या बारीला आख्खा दावतो. जायच्या आदी. वायदा."

उन्हाळ्यात ती परतली तेव्हा तोच सिनेमा परत दाखवू म्हटलं, तर तिनं तुलाच झापलं. "शिळं कशाला? आता फुडचं काढा." म्हणून आपला दुसरा सिनेमा. टोळी घरी परतल्यावर काय होतं, त्याचा. त्याच बारा बाया. लोक म्हणतात तुला दूरदृष्टी होती. डोंबलाची दूरदृष्टी. एका बाईनं विचारलं पुढं काय होतं, आणि तुला तिला नाही म्हणता आलं नाही.

आता आपलं भांडण.

दसऱ्याच्या तोंडावर दुसरा सिनेमा पुरा झाला आणि त्याच आठवड्यात परदेशातल्या एका महोत्सवाचं पत्र आलं. सिनेमा निवडलाय. अट एकच, त्यांच्याआधी कुठंही चारचौघांत दाखवायचा नाही. मी नाचत तुला फोन केला. तू म्हणालास, "लई भारी. पन बाया दिवाळीनंतर जात्यात."

"उन्हाळ्यात परत येतील तेव्हा दाखवू की. पळून जातायत का?"

"आन् कुनी परत आलंच न्हाई तर?"

मला राग आला. मला वाटलं, हा माणूस आता मला एका अटीपायी गावातच पुरणार. मी म्हटलं, आणि शब्दन् शब्द मला पाठ आहे, "गोरख, तुला सिनेमातलं काय कळतं? तू शटर विक."

मागं वर्कशॉपात पत्रा कापायचा आवाज येत होता. मग म्हणालास, "शटर तर इकतोच. पन बायांना सांगून ठिवलंय मी. वसुबारसेला, दुपारी, आपल्या वर्कशॉपात." आणि फोन ठेवलास. मी परत केला नाही. तूही केला नाहीस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या भावाचा, मच्छिंद्रदादाचा फोन आला. ज्या खुर्चीत बसून तू माझ्याशी बोलला होतास त्याच खुर्चीत तू गेलास.

ते वाक्य मी परत घेते. तुला ऐकू येत नाही, तरी घेते. तुला सिनेमातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. सिनेमा कुणाचा असतो ते कळत होतं. मला तेव्हा नुसता तो कसा करतात एवढंच कळत होतं.

प्रवरासंगमला तुझ्या दहाव्याला कडूबाई आली होती. पाथर्डीहून दोन एसट्या बदलून. घाटावर माझ्याशेजारी बसली, नाक शिंकरलं आणि हळूच म्हणाली, "बाई, वसुबारसेला सिनिमा दावताय न्हवं? त्यांनी वायदा केलता. पाडव्याच्या दुसऱ्या दिशी आमची गाडी हाय." घरी आले आणि महोत्सवाला पत्र लिहिलं. आमचा सिनेमा आधीच दुसऱ्यांना कबूल केलेला आहे, त्यांच्या सोयीनं दाखवला जाईल, तुम्हाला चालत असेल तर ठेवा. त्यांचं सभ्य उत्तर आलं. दुःखात सहभागी आहोत, पण नियम तो नियम. मी म्हटलं, बरं.

माझ्या ओळखीतले सगळे म्हणाले, वेडी आहेस. बाराजणींसाठी एवढं दार बंद केलंस? करीन. शंभरदा करीन.

पण खरं संकट पुढंच होतं. तुझ्या दादानं वर्कशॉपला कुलूप घातलं. वसुबारसेच्या दुपारी मी प्रोजेक्टर घेऊन पोचले, बाया पिकअपमधून उतरल्या, नव्या बांगड्या, ठेवणीतली लुगडी, आणि समोर शटर बंद. दादा बाहेर मोटरसायकलवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"तेराव्याचा मांडव आजून सुटला न्हाई, आन् तुमी सिनिमा दावनार?"

"दादा, त्यानंच ठरवलं होतं."

"त्यानं लई ठरवलं. सिनिमानं खाल्ला माझा भाऊ. कुलूप निघनार न्हाई."

मी तुझ्या दादाशी भांडू शकले नाही, गोरख. त्याचं तोंड बघून भांडताच येईना. मी बायांना म्हटलं, राहू द्या, चला परत. तर कडूबाई म्हणाली, "आलोच हाये, तर त्यांच्या आईला भेटून जाऊ."

आम्ही शिंगणापूरला तुझ्या घरी आलो. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, तांदूळ निवडत. तेरा जणी समोर उभ्या राहिल्यावर त्यांना आधी वाटलं, परत कुणीतरी गेलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मच्छिंद्रानं शटर लावलं?"

"हो."

"तिथं हाय म्हनून लावलं. ह्या घराला काय लावंल त्यो?" आणि उठून पदर खोचला. "चला आत. माझ्या पोरानं बोलावलेली मानसं परत जायची न्हाईत."

मग आली खरी गंमत. सिनेमाला अंधार लागतो आणि तुमच्या घराला दार नाही! दुपारचं ऊन थेट मधल्या खोलीपर्यंत. बायांनी पिकअपची ताडपत्री सोडली, मावशींनी गोधड्या दिल्या, आणि ज्या चौकटीला पिढ्यान्पिढ्या काही बसवलं नव्हतं तिथं आम्ही ताडपत्री टांगली. मावशींनी शनिदेवाच्या शिळेकडे तोंड करून हात जोडले. "तेवढ्यापुरतं हाय, देवा. सिनिमा झाला की काढती." भिंतीवर तुझ्याच पलंगावरची चादर लावली.

सिनेमा सुरू झाला आणि वारा सुटला. ताडपत्री फडफडायला लागली, दर फडफडीला उजेड आत यायचा आणि भिंतीवरच्या बाया पुसून जायच्या. बसलेल्या बाया ओरडायच्या. मी उठणार एवढ्यात ताडपत्री थांबली. एकदम. मी मागच्या बाजूनं बाहेर जाऊन बघितलं. दादा होता. ताडपत्रीची खालची कड पायाखाली दाबून, दोन्ही टोकं हातांत ताणून, रस्त्याकडे तोंड करून उभा. मी त्याला आत बोलावलं नाही. तोही आला नाही. पण पुरा दीड तास त्यानं ती सोडली नाही.

आता ऐक, कारण हे तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. शेळीचा प्रसंग मी कापणार होते आणि तू कापू दिला नाहीस, तिथं बाया एवढ्या हसल्या की एकीला ठसका लागला. तुझं बरोबर होतं. नंतर माझा तो मावळतीचा लांबलचक शॉट आला, ज्यासाठी आपण डोंगरावर तीन दिवस घालवले. कडूबाई मोठ्यानं म्हणाली, "ह्ये आभाळ कशाला दावलंय एवढं? रोजच हाय की." मावशी म्हणाल्या, "गोरख्या बी ह्येच म्हनायचा." सगळ्यांनी मान हलवली. मी तुझ्यासमोर आणि त्या तेरा जणींसमोर सांगते, तो शॉट मी एका क्षणानंही कमी करणार नाही. तू गेलास म्हणून काही तू प्रत्येक बाबतीत बरोबर ठरत नाहीस.

शेवटी कडूबाई पडद्यावर तिच्या घराचं कुलूप काढते आणि आत जाते. इथं बसलेली कडूबाई तिच्याकडे बघत होती. पदर तोंडावर नव्हता. सिनेमा थांबल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती एवढंच म्हणाली, "झालं व्हय? आख्खा बगितला मी." आणि मग रडली, आणि मीही, आणि मावशी आम्हा दोघींच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, जणू गेला होता तो आमचाच कुणीतरी.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या सांगण्याप्रमाणे बारा बायांची नावं शेवटी नाही, आधी घेतलीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येकीचं नाव तेवढंच मोठं. बायांमधल्या एका सुनेला वाचता येतं, तिनं ती सुरुवातीलाच मोठ्यानं वाचली. कडूबाई, ठकूबाई, सुमन, अशी एकेक. आपापलं नाव आलं की प्रत्येक बाई ताठ बसायची. बारावं नाव झालं, आणि तिनं तेरावं वाचलं. गोरख.

मावशी म्हणाल्या, "आगं, त्याचं नाव बायांत कशाला घातलंस?"

मी म्हटलं, "त्याला वेगळ्या पाटीवर नको होतं, मावशी. म्हणून ओळीत बसवलं."

तू तेव्हा म्हणाला होतास, नाव काढलं नाहीस तर टेम्पोतून उतरून सोनईला चालत जाईन. नाव टाकलंय, गोरख. ताडपत्री त्याच संध्याकाळी मावशींनी काढली, घर पूर्वीसारखं उघडं आहे. पटत नसेल तर ये चालत, आणि भांड माझ्याशी.